'आता किती वर्षं जगणार?' याचं उत्तर ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात असतं

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात लघवी लाल झाली की 'उन्हाळी लागली', नाहीतर 'खडा असेल', एवढ्यावर विषय मिटतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण साठीच्या, त्यातून बिडी ओढणाऱ्या माणसाला काही न दुखता रक्त जात असेल, तर ते किडनी-मूत्रनळीच्या अस्तराच्या कॅन्सरचं लक्षण असू शकतं; आपोआप थांबलं म्हणून तपास सोडू नये. रक्त अधूनमधून थांबतं, गाठ नाही. सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसते आणि खडा मात्र सापडत नाही, अशा वेळी क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) बघून सीटी युरोग्राफी, म्हणजे औषध टोचून मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन, करून घ्यावी.

किडनीतली लघवी गोळा होण्याची पोकळी आणि तिथून मूत्राशयापर्यंत येणारी नळी, या दोन्हींच्या अस्तरातला हा कॅन्सर. या अस्तराच्या कॅन्सरपैकी फक्त ५ ते १० टक्के इथे होतात, बाकीचे बहुतेक मूत्राशयात. पण मूत्राशयाच्या मानाने इथली भिंत पातळ. त्यामुळे निदान होतं तेव्हाच जवळपास ६० टक्के गाठी भिंतीत शिरलेल्या असतात. मूत्राशयात हेच प्रमाण १५ ते २५ टक्के.

ऑपरेशननंतर काढलेल्या गाठीच्या रिपोर्टात आधी 'पीटी' शोधा: गाठ किती खोल गेली त्याचा हा टप्पा, टीए सगळ्यात वरवरचा, टी४ सगळ्यात खोल. टीए किंवा टी१ असेल तर बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या पुढे जातात. टी२-टी३ला पाच वर्षं काढणारे आजवरच्या नोंदींत निम्म्याहून कमी, टी४ला १० टक्क्यांहून कमी. मग ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात; लो म्हणजे कमी), लिंफ नोडमधला (लसिकाग्रंथींतला) आणि रक्तवाहिन्यांतला शिरकाव बघा. गाठ किती सेंटीमीटरची, यावर घरचे उगाच अडून बसतात. ती किती खोल गेली हे जास्त महत्त्वाचं.

एकच, २ सेंमीपेक्षा लहान, लो ग्रेड आणि सीटीवर भिंतीत न शिरलेली गाठ असेल तर दुर्बिणीतून लेझरने जाळून किडनी वाचवता येते. नाहीतर किडनी, पूर्ण नळी आणि नळी उघडते तिथला मूत्राशयाचा तुकडा, हे सगळं काढावं लागतं. तो तुकडा मागे राहिला तर रोग तिथेच उलटू शकतो.

केमोची गोष्ट ऑपरेशनच्या आधीच काढा. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाला किडनी चांगली चालावी लागते आणि एक काढली की जीएफआर, म्हणजे किडनीची रक्त गाळण्याची क्षमता, घसरतो. काहींना म्हणून केमो आधी देतात. नंतर द्यायची तर ९० दिवसांच्या आत. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पाउट' चाचणीत अशी केमो घेतलेल्यांपैकी ७१ टक्के तीन वर्षांनी रोगमुक्त होते, न घेतलेल्यांपैकी ४६ टक्के. धुळ्या-नंदुरबारहून नाशिक-मुंबईच्या फेऱ्यांत हे ९० दिवस भुर्रकन जातात. जाताना नुसता कागद नको, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइडही मागून घ्या.

'किडनी काढली, सुटलो' म्हणून गावी परतणाऱ्यांची फसगत मूत्राशयात होते. २२ ते ४७ टक्के जणांना तिथे पुन्हा गाठ येते. ऑपरेशननंतर मूत्राशयात मायटोमायसिन या केमोच्या औषधाचा एक डोस सोडला तर हे प्रमाण घटतं, तेव्हा त्याबद्दल सर्जनला आधीच विचारा. पहिली सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून बघणं) तीन महिन्यांनी, आणि जोखीम जास्त असेल तर दोन वर्षं दर तीन महिन्यांनी. लघवी स्वच्छ दिसते म्हणून ती चुकवू नका.