दुकानाच्या दारावरची पाटी आणि माझे पिस्तूल

अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाचे उपनगर आहे. तेथे राहायला येऊन आम्हाला बरीच वर्षे झाली आणि जवळजवळ पहिल्या महिन्यापासून आमचे वाणसामान एकाच भारतीय दुकानातून येते. 2022 च्या उन्हाळ्यात एका शनिवारी मी नेहमीप्रमाणे त्या दुकानाच्या दाराशी पोहोचलो आणि मुठीकडे गेलेला हात तसाच थांबला. काचेवर, तुरडाळीच्या सवलतीच्या जाहिरातीखाली, वहीच्या पानाएवढा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर लाल वर्तुळ, वर्तुळात पिस्तुलाचे चित्र, त्यावर तिरकी रेघ आणि खाली शस्त्र आत आणू नये अशी इंग्रजीतली एकच ओळ होती. माझ्या शर्टाखाली, उजव्या कंबरेला, पिस्तूल होते.

मराठी माणसाच्या कंबरेला पिस्तूल कशासाठी, हा प्रश्न मला सोलापूरचे नातेवाईक अजूनही विचारतात. आमच्या गल्लीत एका वर्षी लागोपाठ घरफोड्या झाल्या. भारतीयांच्या घरात सोने असते, हे चोरांनाही पक्के ठाऊक असते. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असताना मला पिस्तूल विकत घेता आले नसते, कारण त्या व्हिसावरील व्यक्तीला काही अपवाद वगळता संघराज्याचा कायदा ती मुभा देत नाही. ग्रीन कार्ड हाती आल्यावर मी ते घेतले आणि 2018 मध्ये ते सोबत बाळगण्याचा टेक्सासचा परवानाही काढला. वर्गातील शिकवणी, लेखी परीक्षा आणि मग तीन, सात व पंधरा यार्डांवरून एकूण 50 फैरी. 250 पैकी 175 गुण मिळाले की उत्तीर्ण. शुल्क 40 डॉलर. पिस्तूल घेतले होते घरासाठी, पण वर्षभरात ते पाकिटासारखे अंगवळणी पडले आणि कोथिंबीर आणायला जातानाही कंबरेला राहू लागले. हे लिहिताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते, पण खरे ते असे आहे.

त्या कागदासमोर उभा असताना मला प्रथम आठवली ती कायद्याची कलमे. टेक्सासमध्ये खासगी दुकानाच्या मालकाला ग्राहकाचे शस्त्र दाराबाहेर ठेवायला लावण्याचा पूर्ण अधिकार आहे, मात्र परवानाधारकाला तशी सूचना कशी द्यायची, हे फौजदारी संहितेने अगदी बारकाईने ठरवून दिले आहे. लपवून बाळगलेल्या पिस्तुलासाठी कलम 30.06 आणि उघडपणे बाळगलेल्या पिस्तुलासाठी कलम 30.07, अशा दोन वेगळ्या पाट्या असतात. प्रत्येकीवर ठरावीक मजकूर इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, उठून दिसणाऱ्या रंगात आणि किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लिहिलेला असावा लागतो. अशी पाटी डावलून आत गेल्यास 200 डॉलरपर्यंत दंड होतो. पण मालकाने तोंडी सांगूनही माणूस बाहेर पडला नाही, तर गुन्हा बराच वरच्या वर्गात जातो आणि वर्षभरापर्यंत कारावास होऊ शकतो. 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षे पूर्ण झालेल्या बहुतेकांना परवान्याविनाच पिस्तूल बाळगण्याची मुभा मिळाली, आणि तशा लोकांना अडवायला साधी पाटीही चालते. सारांश असा, की तो चित्राचा कागद परवाना नसलेल्याला अडवत होता आणि माझ्यासारख्या परवानाधारकाला, निदान कायद्याच्या काटेकोर अर्थाने, अडवत नव्हता.

परवान्याच्या शिकवणीला आमच्या वर्गात असलेले कित्येक जण अशा वेळी सरळ आत जातात. पाटी नियमाप्रमाणे नाही, म्हणजे पाटीच नाही, असा त्यांचा हिशेब असतो. माझ्या मनातही तो क्षणभर आला. पण अक्षरे एक इंचाची नसली, तरी त्या माणसाला काय म्हणायचे आहे ते मला स्वच्छ कळले होते, आणि ज्याच्याकडून दहा वर्षे उधारीवरही आंब्याच्या पेट्या घेतल्या, त्याच्या दारात पट्टी घेऊन अक्षरे मोजणे मला जमले नसते. मी मागे फिरलो.

गाडीत बसल्यावर खरी अडचण सुरू झाली. आसनाखाली पोलादी दोराने जखडलेली एक लहान पेटी मी ठेवली होती, पण तोवर ती क्वचितच वापरली होती. पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कंबरपट्ट्याला अडकवलेल्या त्याच्या खोळीतून, न काढता, होल्स्टरसकटच पट्ट्यावरून उतरवायचे, म्हणजे घोड्याला बोट लागण्याचा प्रश्न येत नाही, हे शिकवलेले आठवत होते. तरीही सुकाणूचाक आणि पोट यांच्या मधल्या वीतभर जागेत, घामाने ओल्या झालेल्या हातांनी ते करताना नळीचे तोंड नक्की कोठे वळले आहे, यावर सगळे लक्ष एकवटावे लागले. मान वर केली, तर शेजारच्या गाडीतून एक बाई मांडीवरच्या मुलाला घट्ट धरून माझ्याकडे पाहत होती. तिने काय पाहिले, मला माहीत नाही. आत गेल्यावर मी भाजीपेक्षा काचेबाहेरच्या माझ्या गाडीकडेच जास्त पाहत राहिलो, कारण गाडी फोडून चोरलेले पिस्तूल ज्या हातात जाते, तो हात परवाना काढायला जात नाही. मेथी राहिलीच.

गल्ल्यावर नाशिकच्या काकू असतात. मी कागदाविषयी विचारले, तेव्हा त्या दचकून म्हणाल्या, "अहो, तुम्हीही बाळगता की काय?" मी हो म्हटल्यावर त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग त्यांनी हकिगत सांगितली. काही आठवड्यांपूर्वी एक तरुण पिस्तूल उघडपणे कंबरेला लटकवून फरसाणाच्या रांगेत उभा राहिला होता. तो कोणाला काहीही बोलला नाही. दोन समोसे घेतले, पैसे दिले, आभार मानून निघून गेला. पण सुट्टे पैसे परत देताना काकूंच्या हातून नाणी खाली पडली, आणि त्या संध्याकाळी त्यांनी मालकाला सांगितले, की असेच चालणार असेल तर मी उद्यापासून येत नाही.

वर्गातल्या एका मित्राने त्यावर मला छापील कार्डांचा गठ्ठाच देऊ केला. बंदूक नको तर आमचे पैसेही नकोत, अशा अर्थाचा मजकूर असलेली ती कार्डे गल्ल्यावर ठेवून बाहेर पडायचे, ही येथली रूढ पद्धत आहे. त्याची बाजू मला कळत नाही असे नाही. 1991 मध्ये टेक्सासमधल्याच किलीन येथील उपाहारगृहात 23 जणांची हत्या झाली, तेव्हा तेथे आईवडिलांसोबत जेवत असलेल्या सुझॅना हप यांचे पिस्तूल तत्कालीन कायद्यामुळे बाहेर गाडीत होते. आईवडील दोघेही गेले, आणि पुढे 1995 मध्ये टेक्सासने परवान्याचा जो कायदा केला, त्यामागे सुझॅना यांची साक्ष मोठी होती. आमच्या शिक्षकांनी ही घटना पहिल्याच तासाला सांगितली होती. उलट 2019 च्या ऑगस्टमध्ये एल पासो येथील वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, त्यातही 23 जणांचे प्राण गेले, आणि महिन्याभरात त्या कंपनीने ग्राहकांना उघडपणे शस्त्र बाळगून येऊ नका, अशी विनंती केली. काकूंच्या डोळ्यांपुढे दुसरी घटना होती, मित्राच्या पहिली. कार्डाने यातले काहीही हलले नसते. मालकाला फक्त एवढे समजले असते, की कोणीतरी रागावून गेले.

म्हणून मी पत्र लिहिले, एका पानाचे. आपण परवानाधारक आहोत, पाटी पाहून पिस्तूल गाडीत ठेवले आणि यापुढेही आत आणणार नाही, हे आधी लिहिले, म्हणजे पुढचा मजकूर धमकीसारखा वाचला जाणार नाही. मग दोन विनंत्या केल्या. पहिली अशी, की मनाई करायचीच असेल तर ती नियमाप्रमाणे, दोन्ही भाषांत आणि दोन्ही दारांवर करावी, कारण अर्धवट पाटीमुळे सरळ माणूस अडतो आणि वाद घालू पाहणाऱ्याला जागा मिळते. दुसरी अशी, की मागच्या वाहनतळावरचा दिवा कित्येक महिने बंद आहे. लोकांना शस्त्र गाडीत ठेवायला सांगत असाल, तर निदान गाड्यांवर उजेड असावा. पत्रात बहिष्काराचा शब्द काढला नाही. तसे करण्याचा माझा हक्क होता, पण तसा इरादा नव्हता, आणि इरादा नसताना दिलेला इशारा दुकानदाराला लगेच ओळखू येतो.

पुढच्या शनिवारी मालकांनी मला तांदळाच्या पोत्यांपाशी गाठले. ते गुजराती, मी मराठी, त्यामुळे आमचे बोलणे हिंदीतच चालते. स्वतःच्या घरी त्यांच्याकडेही एक पिस्तूल आहे, हे त्यांनी हळू आवाजात सांगितले. त्यांना माझ्यासारख्यांची भीती नव्हती, पण कंबर पाहून माझ्यासारखा कोण आणि दुसरा कोण, हे गल्ल्यावरच्या माणसाने कसे ओळखायचे, असे त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. माझ्या मामांची बाराबोरची बंदूक निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, आणि माझ्यावर विश्वास नाही का, असे मामा फौजदाराला दर वेळी विचारायचे, एवढे मात्र आठवले.

तीन आठवड्यांत दोन्ही दारांवर मोठ्या अक्षरांच्या पाट्या लागल्या आणि चित्राचा कागद निघाला. दिव्याला दिवाळी उजाडली. मित्राने ते दुकान सोडले. तो आता पाऊण तास गाडी चालवून दुसरीकडे जातो आणि तेथली कढीपत्त्याची पाने वाळलेली असतात, अशी तक्रार माझ्याकडे करतो. मी वाहनतळावर पेटी उघडणे पूर्ण बंद केले आहे. वाणसामानाच्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीतच राहते, आणि निघताना बायको यादी हातात देता देता माझ्या उजव्या कंबरेवर एक चापट मारून खात्री करून घेते.