तुम्ही विचारलेत म्हणून: ते आकडे खरे होते का?

दर वर्षी गणपतीत, आरती आटोपून सगळे ओटीवर टेकले की कोणी ना कोणी तोच प्रश्न काढतो. "तुम्ही कारखान्यात पर्यावरणाचं बघत होतात ना? मग सरकारला पाठवलेले ते आकडे खरे असायचे का?" विचारणारा कधी मुंबईहून आलेला चाकरमानी असतो, कधी खाडीवर जाळे टाकणारा शेजारी. "होय, खरे असायचे," एवढेच मी आजवर सांगत आलो आहे. ते ऐकून समोरचा जो हसतो, त्या हसण्याला मी आता कंटाळलो आहे, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

आम्ही आकडे बनवत नव्हतो. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. आमच्याकडे तो बहुतेक दिवस आत असे आणि नसे त्या दिवशी नोंदवहीत तसे लिहिलेले असे. तो आकडा पाण्यातल्या एकूण रासायनिक भाराला किती प्राणवायू लागेल एवढेच सांगतो, त्यात कोणते रसायन आहे हे सांगत नाही, ही गोष्ट वेगळी. माशांची चाचणीही नियमात आहे: प्रक्रिया केलेल्या, काहीही न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. आमच्या काचेच्या पेटीतले मासे जगत असत. हे मी एकदा खाडीवरच्या एका काकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मग त्यांनाच सोडा खाडीत, आम्हाला तरी मिळतील." त्यावर मला उत्तर सुचले नव्हते आणि अजूनही सुचलेले नाही.

परंतु मला जे सांगायचे आहे ते हवेविषयी आहे, आणि ते एका वर्षाचे आहे.

प्रत्येक कारखान्याला मार्चअखेर संपलेल्या वर्षाचे पर्यावरण विवरणपत्र, ज्याला आम्ही नुसते 'फॉर्म पाच' म्हणत असू, ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यावे लागते. त्याच्या 'ब' भागात पाणी आणि कच्चा माल किती वापरला ते लिहायचे, 'क' भागात पाण्यात आणि हवेत काय सोडले ते. 'क' भागात आम्ही मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्रात ज्यांची नावे होती तेवढेच पदार्थ भरत असू. हवेच्या बाबतीत ते म्हणजे बॉयलरच्या धुराड्यातली धूळ आणि सल्फर डायऑक्साइड. आमच्या उत्पादनात सॉल्व्हंट, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारा द्रव, म्हणून टोल्युईन वापरले जात असे; रंगाच्या थिनरमध्ये असते तेच, उघडे ठेवले तर उडून जाणारे. ते 'ब' भागात कच्चा माल म्हणून दर वर्षी इमानेइतबारे लिहिलेले असे, 'क' भागात मात्र त्याचा उल्लेख नसे, आणि हे दोन भाग शेजारी ठेवून कोणी वाचल्याचे मला कधी दिसले नाही.

ज्या वर्षाचे मी सांगतो आहे, त्याच्या आधीच्या थंडीत आमच्या वाडीतल्या एका वहिनींनी मला रस्त्यात थांबवले होते. संध्याकाळी वारा पडला की रंगात घालायच्या थिनरसारखा वास येतो आणि धाकट्याचे डोके दुखते, असे त्यांचे म्हणणे होते. "आमची रीडिंग सगळी मर्यादेत आहेत, वहिनी," असे सांगून मी पुढे गेलो. तसे बोलताना मला आपण काही चुकीचे करत आहोत असे वाटले नव्हते.

पुढच्या सप्टेंबरमध्ये 'ब' भाग भरताना, कशामुळे कोण जाणे, माझा हात टोल्युईनच्या ओळीवर थांबला. सॉल्व्हंट हा खर्ची पडणारा माल नव्हे. तो मालात शिल्लक राहत नाही, ऊर्ध्वपातन करून परत मिळवतात आणि पुन्हा वापरतात. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा साठा सारखाच असेल, तर वर्षभरात नव्याने विकत घेतलेले टोल्युईन हे वर्षभरात हरवलेले टोल्युईन असते. इतकी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत मी तिच्याकडे तशी पाहिली नव्हती. नवी खरेदी ९० टनांची होती. ऊर्ध्वपातनानंतर तळाशी उरणाऱ्या, धोकादायक कचरा म्हणून तळोज्याला जाणाऱ्या गाळात सुमारे २० टन निघाले. टोल्युईन पाण्यात फारसे विरघळत नाही. लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या हिशेबाने सांडपाण्यात फार तर दीड टन. उरले साधारण ६८ टन. भागाकार केला तेव्हा रोजचे १८५ किलोंच्या वर आले, म्हणजे आमच्या गोदामात २०० लिटरचे जे पिंप असते, त्यातले एक दररोज झाकण काढून हवेत रिकामे केल्यासारखे.

ते कुठून जात होते हे शोधायला लांब जावे लागले नाही. गरगर फिरवून द्रव वेगळा करणारा सेंट्रिफ्यूज आतला ओला माल काढण्यासाठी उघडला की वाफ बाहेर, ड्रायरच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा सोडायच्या नळीतून, बाहेर, टँकर खाली करताना टाकीतली हवा ढकलली जाते तिच्याबरोबर बाहेर. व्हेंटवर वाफ थंड करून तिचा पुन्हा द्रव करणारा कंडेन्सर होता, परंतु त्यात कूलिंग टॉवरचे पाणी फिरत असे, आणि कोकणातल्या मे महिन्यात ते पाणी ३० अंशांच्या खाली येत नाही. तेवढ्या तापमानाला टोल्युईनचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन निसटण्याचा जोर, शून्य अंशाच्या तुलनेत पाचपटीहून अधिक असतो.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी हिशेब दोनदा तपासला, चूक नाही हे मान्य केले आणि विचारले, "फॉर्ममध्ये याला रकाना आहे का?" मी म्हणालो, नाही. "मोजलंय का कुणी?" मोजलेले नव्हते, खरेदीवरून काढलेला अंदाज होता. "मग मंडळाला अंदाज कळवायचा?" मी कागद परत घेतला. तयार करणारा म्हणून फॉर्मखाली माझी सही आहे.

रकाना नव्हता, हे समर्थन मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला ऐकवले. आज ते तपासून पाहतो तेव्हा टिकत नाही. फॉर्मच्या अगदी शेवटी 'अन्य तपशील' असा भाग आहे आणि तिथे मी दर वर्षी लावलेल्या झाडांची संख्या लिहीत असे. मोजले नव्हते, हेही लंगडेच. भोपाळनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये जो कायदा केला, त्याखाली तिथल्या कारखान्यांना विषारी रसायनांची सूची धरून दर वर्षी सांगावे लागते की अमुक रसायन हवेत किती गेले, पाण्यात किती, जमिनीत किती आणि बाहेर कुठे पाठवले. तो तपशील कारखान्याच्या नावानिशी कोणालाही पाहता येतो. टोल्युईन त्या सूचीत आहे. वर्षाला साडेचार टनांच्या वर ते सॉल्व्हंट म्हणून वापरले, तर दहा किंवा त्याहून जास्त पूर्णवेळ कामगार असलेल्या अशा कारखान्यांना विवरण देणे भाग असते, आणि मोजमाप नसेल तर मी केला तसाच आवक-जावकेचा ताळेबंद चालतो. तो कायदा किती सोडा हे सांगत नाही, किती सोडले ते सांगा एवढेच म्हणतो. ही सगळी व्यवस्था आपल्याकडच्या दुर्घटनेतून तिकडे उभी राहिली आणि आपल्याकडे तशी सार्वजनिक सूची आजही नाही, याचा राग मला येतो. मात्र तो राग माझ्या सहीपर्यंत पोहोचत नाही, हेही मला दिसते.

त्या वेळचा मी आज समोर बसला असता तर म्हणाला असता, "नोकरी गेली असती, आणि माझ्या जागी आलेल्याने तो हिशेब केलाही नसता." त्याचे चूक आहे असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण त्या सप्टेंबरनंतरच्या थंडीत वहिनी पुन्हा भेटल्या, पुन्हा वासाविषयी बोलल्या, आणि खिशात ६८ टनांचा हिशेब असताना मी म्हणालो, "हवेची तपासणी झालेली आहे, सगळं मर्यादेत आहे." त्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तपासणी झाली होती, फक्त ती टोल्युईनची नव्हती. आकडे खरे असायचे का, असे तुम्ही विचारता तेव्हा मला हे वाक्य आठवते, आणि माझे उत्तर तुम्हाला तुटक वाटते.

कागद दोन वर्षे खणात पडून होता. मग टोल्युईनचा भाव चढला, लेखा विभागाने खर्चाचा तक्ता पुढे केला, आणि साहेबांचा फोन आला: "तो तुमचा कागद आणा." तीन महिन्यांत व्हेंटवर थंड ब्राइनवर, म्हणजे खूप गार केलेल्या मिठाच्या पाण्यावर, चालणारा दुसरा कंडेन्सर बसला, सेंट्रिफ्यूज बंदिस्त करून आत नायट्रोजन सोडला गेला, टँकर खाली करताना टाकीतली वाफ टँकरमध्येच परत जाईल अशी नळी जोडली गेली. वर्षाची खरेदी निम्म्याच्याही खाली आली. प्रदूषण रोखण्याच्या उपायांमुळे साधनसंपत्तीची आणि उत्पादनखर्चाची किती बचत झाली हे लिहायला फॉर्म पाचमध्ये 'ग' भाग आहे. त्यात त्या वर्षी आम्ही वाचलेले टोल्युईन टनांत लिहिले. जे बाहेर जात असल्याची नोंद आधी कुठेच नव्हती, ते कमी झाल्याची नोंद तेवढी सरकारदरबारी आहे.

त्यानंतरच्या थंडीत वहिनींनी मला हाक मारून घरात बसवले, चहा दिला आणि म्हणाल्या, "आता वास येत नाही हो फारसा. काय केलंत?" मी उत्साहाने त्यांना कंडेन्सर, ब्राइन, नायट्रोजन असे सगळे समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आधी येत होता ना?"

त्यावर मी त्यांना कंडेन्सरची किंमत सांगितली.