काटा

काल दुपारी सव्वादोनला बेल वाजली. पुण्यात ही बेल वाजवायची वेळ नव्हे. तणतणत दार उघडलं तर रद्दीवाला. सकाळी मीच फोन करून बोलावला होता, हे मग आठवलं.

रद्दी तयार होती. मोजलेलीही होती. गठ्ठा कवेत घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं आणि येईल त्या आकड्यातून स्वतःला वजा करायचं, ही माझी पद्धत. एरवी स्वतःचं वजन मी दोन-तीन किलो कमीच सांगते, पण इथे तसं केलं तर रद्दी उगीच जड भरते. त्यामुळे या एका कामापुरता खरा आकडा धरते. हिशेबाने अकरा किलो चारशे झाली होती.

त्याने गठ्ठा हुकाला अडकवला, हातातल्या काट्यावर हिरवे आकडे चमकले. "साडेनऊ."

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात येणाऱ्या रद्दीवाल्याकडे साधा ताणकाटा असायचा, पितळी पट्टीचा. बाबा शाळेत शास्त्र शिकवायचे. घरी ताणकाट्याचा विषय निघाला की हूकचा नियम आलाच: जेवढा भार, तेवढा ताण. हा हूक म्हणजे १६७८ साली नियम छापणारा इंग्लंडमधला रॉबर्ट हूक, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी नियम त्या काट्याच्या हुकाचाच समजत होते.

बाबा रद्दी आधी समोरच्या वाण्याकडे नेऊन तोलून आणत. एकदा दहा किलोची रद्दी रद्दीवाल्याच्या काट्यावर आठ भरली. बाबा काही बोलले नाहीत. आत गेले आणि दोन किलो साखरेची पिशवी आणून त्याच्या हुकाला लटकवली. काटा दीडच्या जरा पुढे जाऊन थांबला.

"मास्तर, जुना झालाय काटा," तो म्हणाला.

"जुनी स्प्रिंग सैल होते," बाबा म्हणाले. "सैल झाली की जास्त ताणते. मग काटा जास्त दाखवील रे, कमी कसा दाखवील?"

वाड्यातली आम्ही पोरं जिन्यावर बसून बघत होतो. तो गोरामोरा झाला. आता बाबा त्याला हाकलणार अशी आमची खात्री होती. बाबांनी त्याला ओट्यावर बसवलं, मला पाणी आणायला पिटाळलं आणि पेन्सिल काढली. दिवसाला किती किलो मिळते? गोडाऊनवाला काय भाव देतो? हातगाडीचं भाडं? तो आधी बिचकत, मग भडाभडा बोलत गेला. गोडाऊनवाला ओल धरून वजनात घट लावतो, वर त्याचाही काटा मारलेलाच. बाबांनी पाकिटाच्या पाठीवर दोनदा बेरीज केली. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं: खरं वजन धरलं तर त्याच्या हातात संध्याकाळी जेमतेम भाडं सुटत होतं.

त्या दिवशी त्यांनी दहाचेच पैसे घेतले. पुढच्या महिन्यापासून मात्र नवीनच प्रकार सुरू झाला. रद्दी वाण्याकडे तोलायची, खरं वजन डायरीत लिहायचं, रद्दीवाला सांगेल ते वजन त्याच्या शेजारी लिहायचं आणि त्याच्या आकड्याचे पैसे मुकाट्याने घ्यायचे. आई वैतागायची. "सोडूनच द्यायचं तर मोजता कशाला?"

"माहीत असावं," बाबा म्हणायचे.

याचा अर्थ बाबा भोळे सांब होते असा कुणी घेऊ नये. दहा पैसे जास्त लावले म्हणून ते लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात भर उन्हात परत गेले होते, आणि मला बरोबर नेलं होतं. १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचक आणि भंगारवाल्यांची संघटना उभी राहिली. त्याची बातमी आमच्या बाबांनी पेपरातून कापून डायरीत ठेवली. पुढे त्या पंचायतीने स्वतःची भंगारची दुकानं काढली, म्हणजे निदान तिथे तरी काटा आपल्या माणसाच्या हातात आला. हेही मला बाबांनीच सांगितलं, आणि सांगताना ते इतके खूश होते की जणू दुकान त्यांचंच.

तर काल. साडेनऊ. मी "बरं" म्हणून टाकलं आणि लगेच वाटलं, वा, आपण बाबांवर गेलो. मग लक्षात आलं, बाबांचं "बरं" पेन्सिलीनंतरचं होतं. माझ्या डोळ्यांवर नुसती झोप होती. आळसाला दया म्हणण्याची सोय फार बरी असते, दुपारी तर विशेषच.

म्हणून मी पेंगत का होईना, विचारलं, "तुम्हाला गोडाऊनला काय भाव मिळतो हो?"

तो सावध झाला. माझ्याकडे बघितलं, गठ्ठ्याकडे बघितलं.

"बरं, दहा धरा, काकू," म्हणाला.

मी घासाघीस करत नाहीये, असं सांगेपर्यंत त्याने नोटा मोजून हातात ठेवल्या आणि तो लिफ्टमध्ये शिरलाही. दीड किलोचं सोडा. पण काकू?