.३८ वेब्लीसाठी होल्स्टर करताना

आमच्या घरात तीन पिढ्या चपलांचं काम. मी पिशव्या आणि कमरेचे पट्टे करू लागलो. एकदा ओळखीच्या पीएसआय साहेबांनी आपलं जुनं होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हरचं कमरेचं म्यान, पुढ्यात ठेवलं. "असंच नवं करून दे." वर्षानुवर्षं खोबरेल पाजून चामडं चिंधीसारखं लुळं पडलं होतं. ते जुनं झालंय, एवढंच मला दिसलं.

रिव्हॉल्व्हर कारागिराच्या हवाली करता येत नाही, करूही नये. शस्त्रागारात हवालदारमामांनी .३८ वेब्ली रिव्हॉल्व्हर बिजागरीवर मधून उघडून गोळ्यांची सहाही घरं रिकामी दाखवली, मग टेबलावर ठेवली. त्यांच्यासमोर कॅलिपरने मापं घेतली आणि सुताराकडून सागाची प्रतिकृती करून घेतली. नळी ५ इंची. नळीवरची नेम धरायची माशी, गोळ्यांच्या सिलिंडरचा फुगवटा, घोड्याचं टोक, सगळं जसंच्या तसं उतरायला हवं होतं.

पहिला नमुना मी पिशव्यांच्या मऊ, क्रोमने कमावलेल्या चामड्याचा केला. दिसायला देखणा. मामांनी प्रतिकृती आत सारली तशी तोंडाची कड दुमडून आत गेली. ते तिथेच थांबले. म्हणाले, "ही घडी चापाच्या कडीत शिरली आणि साहेबांनी जोर लावला, तर गोळी कुठे जाईल?" खाली मांडी असते. साहेबांच्या लुळ्या होल्स्टरचा धोका तेव्हा माझ्या डोक्यात शिरला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग साडेतीन मिलिमीटर जाडीचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं चामडं आणलं. असं चामडं पाण्यात भिजवलं की मातीसारखं आकार घेतं आणि वाळल्यावर तो सोडत नाही. प्रतिकृती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत बसवायची आणि हाडाच्या गुळगुळीत तुकड्याने बाहेरून दाबत जायचं. दाब कुठे द्यायचा, हीच यातली खरी कला. चापाच्या कडीभोवती घट्ट दाबायचं, म्हणजे रिव्हॉल्व्हर जागेवर बसतं आणि चापही पूर्ण झाकला जातो. सिलिंडरच्या मागे मात्र हात हलका, नाहीतर उपसताना ते अडकतं. माशी चामड्यात रुतू नये म्हणून भिजवण्याआधीच प्रतिकृतीच्या नळीवर बारीक काडी बांधली, तिच्यामुळे आतून आपोआप पन्हळ पडली.

घाईने एक नमुना पत्र्यावर उन्हात टाकला. तो आकसला आणि कडकून तडकला. पुढचा दोन दिवस सावलीत वाळवला. तोंडाशी चामड्याची दुसरी पट्टी शिवली, म्हणजे रिकामं असतानाही तोंड उघडं राहतं. शिवणीत मधोमध एक पट्टी घातली, कारण सिलिंडरचा सगळा ताण टाक्यांवर येतो. मेणाचा दोरा, दोन सुया, आरीने पाडलेली भोकं. मशीनच्या टाक्यावर इथे माझा विश्वास नाही.

एवढं करून साहेब जीपमध्ये बसले आणि होल्स्टरचं टोक सीटला टेकून रिव्हॉल्व्हर वर सरकलं. टेबलावर मापं घेताना माणूस बसतो हे मी विसरलोच होतो. पट्टा ओवायची घडी खाली घेऊन होल्स्टर वर चढवलं. तळाला भोक ठेवलं, पावसाचं पाणी निघून जायला. बंदोबस्ताच्या गर्दीत कुणी हिसकावू नये म्हणून वरचं झाकण पितळी गुंडीचं. मुठीच्या कडीतली डोरी आहेच.

चौथा नमुना मामांनी प्रतिकृतीसकट उलटा धरून झटकला. ती हलली नाही. झाकण उघडून मूठ धरली तर एका ओढीत बाहेर. मग तोंडात बोट घालून त्यांनी कड दाबून पाहिली आणि मान डोलावली.

चामडं ओल धरतं, त्यात लोखंड गंजतं. म्हणून आता प्रत्येक होल्स्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी ठशाने उमटवतो : तेल पाजू नका. रात्री रिव्हॉल्व्हर यात ठेवू नका.