दारू पिता का?

शनिवारी सिंहगड रस्त्यावर एका लग्नात जेवलो आणि पहाटे उलट्या सुरू झाल्या. आधी अन्न, मग पाणी, मग नुसतेच कोरडे उमासे. पाचव्या वेळी बेसिनमध्ये लालभडक रक्त. हा क्रम लक्षात ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

एंडोस्कोपीत दिसलं की अन्ननलिका जठराला मिळते तिथे आतल्या अस्तराला चीर पडलीय. उमाशांच्या जोराने पडते म्हणे. हिला मॅलरी-वाइस टिअर म्हणतात. बहुतेकांचं रक्त आपोआप थांबतं, माझंही थांबलं होतं. रक्त थांबवायची क्लिप लागली नाही, पँटोप्राझोल या ॲसिड कमी करणाऱ्या औषधावर भागलं.

सोमवारी सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, जा घरी.

बारा वाजता कॅशलेसच्या काउंटरवरून बोलावणं. विमावाल्यांची क्वेरी: रुग्णाच्या मद्यपानाबद्दल खुलासा करा. मी माळकरी माणूस! एंडोस्कोपीच्या वेळी काढायला लावलेली तुळशीची माळ प्लास्टिकच्या पिशवीत बायकोच्या पर्समध्ये होती. तिने ती काढून काउंटरवर ठेवली. क्लार्क म्हणाला, "काकू, हे अपलोड कसं करू?"

दोष त्या आजाराच्या नावाचा. मॅलरी आणि वाइस या बॉस्टनच्या डॉक्टरांनी 1929 मध्ये ज्या रुग्णांवर लिहिलं, ते भरपूर पिऊन ओकलेले होते. तेव्हापासून नाव दिसलं की संशय. त्यात माझ्या केसपेपरवर 'सवयी'चा रकाना रात्रीच्या डॉक्टरांनी कोराच सोडलेला. सर लिहून देणार, पण सर ओपीडीत. ओपीडी साडेतीनला संपली. मग सर जेवायला.

डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असं विमा नियामक आयआरडीएआयचं 2024 चं परिपत्रक सांगतं. मी मोबाइलवर दाखवलं. क्लार्क शांतपणे म्हणाला, "क्वेरीला उत्तर गेलं की मग मोजायचं." हाताला सलाइनची सुई तशीच, पट्टीखाली खाज सुटलेली.

पावणेपाचला कागद आला. 'रुग्ण मद्यपान करत नाही.' चार शब्द! मंजुरी सात वाजून दहा मिनिटांनी.

तर भरती होतानाच तो रकाना भरून घ्या आणि केसपेपरचा फोटो काढून ठेवा. पीत असाल तर तेही खरं सांगा, उपचारांत फरक पडतो. डोकं दुखलं म्हणून मनाने आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन घेऊ नका, मी घेणारच होतो. उलटीनंतर छातीत असह्य कळ आली तर अन्ननलिका आरपार फाटलेली असू शकते, तिथे एक मिनिटही घालवू नका. घरी आल्यावर चक्कर आली किंवा डांबरासारखी काळी शौच होत राहिली, तरी परत दवाखाना गाठा.

माळ रिक्षातच घातली.