हडसनमधून ओंटारिओ सरोवरात मोठी यॉट: आधी डोलकाठीचा हिशेब करा

'कालवा सरळ आहे, आरामात पोचाल' असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. हडसन नदीवरून न्यूयॉर्क राज्यातल्या कालव्याने ओंटारिओ सरोवरात जाणाऱ्या या वाटेवर अंतर त्रास देत नाही, डोलकाठी (शिडाचा उभा खांब) देते. हडसनकाठच्या वॉटरफर्डपासून सरोवरकाठच्या ओसविगोपर्यंत पुलांखाली 21 फूट मोकळी जागा मिळते. वाटेतल्या थ्री रिव्हर्स या फाट्याहून पश्चिमेकडे एरी कालव्यात गेलात तर 15.5 फूट. म्हणजे 45 फुटी शिडाच्या यॉटची डोलकाठी हडसनवरच उतरवायची, ओसविगोला परत उभी करायची. समुद्रावर परतायचं तर पुन्हा तेच.

खरी लूट इथेच होते. डोलकाठी उतरवणारं बोटींचं यार्ड फोनवर सांगतं तो भाव नुसत्या क्रेनचा. शिडं, बूम आणि वायरी सोडवायची मजुरी तासावर, आडवी डोलकाठी ठेवायच्या लाकडी घोड्या वेगळ्या. सगळा आकडा लेखी घ्या आणि ही कामं क्रेन येण्याआधी स्वतः उरका. टर्नबकल (वायरी ताणणारे स्क्रू) सोडण्याआधी आट्यांवर टेप लावा, नाहीतर ओसविगोला ताण जुळवण्यात दिवस जाईल. बुडाशी वायरी सोडताना प्रत्येकीला चिठ्ठी बांधा. दोन बाय चार इंची लाकडाच्या तीन घोड्या बनवा: पुढे, मध्ये, मागे. मधली वगळली तर डोलकाठी लाटेवर झुलते.

सगळ्यात वाईट तुकडा म्हणजे वॉटरफर्डचे पाच लॉक, म्हणजे पाणी भरून बोट वर चढवणारे दारबंद हौद. जेमतेम दीड मैलात यॉट सुमारे 169 फूट वर चढते आणि एकदा आत शिरलात की मध्ये थांबता येत नाही. डोलकाठीची टोकं बोटीच्या पुढेमागे बाहेर आलेली असतात. पाणी भरताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) जराशी फिरली तरी टोक भिंतीला घासतं. शक्यतो लॉकच्या मागच्या भागात उभे राहा, पुढे पाणी जास्त उसळतं. दोर भिंतीवरच्या पाइपभोवती किंवा केबलभोवती नुसता फिरवून हातात धरा, गाठ कधीच मारू नका. पाणी चढेल तशी ढील ओढत राहायचं. पुढे एक, मागे एक आणि सुकाणूवर तिसरा माणूस हवाच. हातमोजे घाला, दोर आणि भिंती चिखलाने बरबटलेल्या असतात.

पुढचा मोहॉक नदीचा पट्टा सोपा आहे. ओनायडा सरोवर मात्र उथळ आहे, पश्चिमेचा वारा असला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि घोड्यांचे बांध सैल होतात. पहाटे ओलांडा. वारा असेल तर अलीकडच्या काठावर सिल्व्हन बीचला थांबा.

गोड्या पाण्यात यॉट जास्त बुडते म्हणून घाबरवतात. फरक सेंटिमीटरभराचा, विसरा. अ‍ॅनोडचं (बोटीच्या धातूची झीज स्वतःवर घेणाऱ्या तुकड्याचं) मात्र विसरू नका. मुंबईच्या खाऱ्या पाण्यात चालणारं जस्त इथे पापुद्रा धरून निकामी होतं, मॅग्नेशियम लावा.

हिवाळ्यात यॉट जमिनीवर घ्यावीच लागते, तेव्हा ट्रॅव्हललिफ्ट (बोट उचलणारी चाकांची क्रेन) किती वजन आणि किती रुंदी पेलते, दोन्ही आधी विचारा. इंजिनच्या गाळणीतून गुलाबी अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारा द्रव) सोडा, एक्झॉस्टमधून तोच गडद रंग येईपर्यंत. डब्यावरचा उणे 50 फॅरेनहाइट हा आकडा पाइप फुटण्याचा आहे, गोठण्याचा नाही. आत उरलेलं पाणी मिसळलं की तोही टिकत नाही. तळाचे बॉल व्हॉल्व्ह अर्धवट उघडे ठेवा, बंद व्हॉल्व्हच्या गोळ्यात अडकलेलं पाणी गोठून व्हॉल्व्ह फोडतं.

त्याच शरदात समुद्रावर परतायचं असेल तर ओसविगोची क्रेन उन्हाळ्यातच ठरवा. कालवा साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर बंद होतो.