मनगट जातं ते बोथट सुरीपायी

ऑस्ट्रेलियातल्या आडगावांच्या मांस कारखान्यांत फिजी, सामोआ, टोंगा, वानुआतूहून आलेले बरेच कामगार आहेत. प्रशांत महासागरातल्या बेटांवरून कामगार आणायच्या ‘पाम’ या सरकारी योजनेत दीर्घ मुदतीचा करार एक ते चार वर्षांचा असतो. सुरी लागली की रक्त दिसतं, लगेच नोंद होते. मनगट मात्र गुपचूप जातं.

सुरी हाडावर लागली की धार दुमडते. ती सरळ करायला स्टीलवर, म्हणजे धार लावायच्या पोलादी सळीवर, दोन्ही बाजूंनी हलके दोन-तीन हात पुरतात; रगडलं तर धार आणखी बिघडते. नवा माणूस मांस पुढे नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याचा वेग गाठायच्या नादात हेच टाळतो. मग प्रत्येक कापाला जास्त दाब, जास्त घट्ट पकड. त्यात हाडं काढायची खोली १० अंशांच्या आसपास, बोटं आधीच आखडलेली. रात्री मुंग्या येऊन जाग येऊ लागली की कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटातली नस दाबली गेल्याचा, संशय घ्यावा आणि काम तेव्हाच बदलावं. पोलादी कड्यांच्या जाळीचा हातमोजा सुरी नसलेल्या हातात घालतात. तो काप अडवतो, पण बारीक टोक कधीकधी कड्यांतून आत जातं. सुऱ्या निर्जंतुक करायला बुडवायचं पाणी ८२ अंशांचं, तिथे हात भाजतात ते वेगळंच.

दुसरा धोका दिसतच नाही. क्यू फीवर हा जनावरांकडून माणसाला होणारा ताप १९३० च्या दशकात ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातल्या कामगारांतच प्रथम ओळखला गेला. जंतू हवेतून, विशेषतः गाभण जनावराच्या गर्भाशयातून उडणाऱ्या तुषारांतून जातो. लस आहे, पण थेट टोचता येत नाही. आधी रक्ततपासणी आणि त्वचेची चाचणी. त्वचेचा निकाल सातव्या दिवशी. पूर्वी संसर्ग झालेल्याला लस दिली तर तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. लस दिल्यावर संरक्षणाला साधारण १५ दिवस. म्हणजे तीन आठवडे गेले. तोवर माणसाला जनावरं कापायच्या विभागात उभं करू नये; तिथेच घाई होते, कारण गावात ही चाचणी करणारा डॉक्टर रोज नसतो.

यातल्या बहुतेक कामगारांना मेडिकेअर, म्हणजे ऑस्ट्रेलियाची सरकारी आरोग्यसेवा, मिळत नाही, खासगी विमा असतो. म्हणून कित्येकजण कामावरची दुखापतही त्याच विम्यात ढकलतात. खरं तर तिच्यासाठी कामगार भरपाईची वेगळी तरतूद आहे, ती त्यांनाही लागू आहे. व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला, त्यामुळे तक्रार करायला जीभ रेटत नाही. निदान दुखायला लागलं त्याच दिवशी नोंदवहीत लिहून घ्यावं आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा.